चुकून धरलेला हात

बांधावर कुणीतरी त्याचा हात धरला. कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूने, जसा एखादी बाई वर्षानुवर्षं आपल्याच माणसाचा धरते तसा. विचारून नाही, चाचपून नाही. त्याला आधी वाटलं वहिनीच असणार, पाय घसरला असेल. पण वहिनी मागे राहिली होती, कोटाच्या नाड्या बांधत आणि वाऱ्याला नावं ठेवत. शिवाय लग्न होऊन घरात आल्यापासून वहिनीने दिराच्या हाताला हात लावला असेल तो फार तर ताट देताना. तो मान वळवून बघणार, एवढ्यात ती बाई बोलायला लागली. खाली दगडांकडे बघत, भराभर, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणून टाकावं तसं.

"ऐक. मला एक गाठ आलीय, ती साधी नाहीये. परवाच कळलं मला. डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा. मी करणार नाहीये. आईचे काय हाल झाले ते मी बघितलेत. तू आत्ता काही बोलू नकोस. तू बोललास तर मला रडू येईल, आणि इथे सगळ्यांत मला रडायचं नाहीये. घरी गेल्यावर बोलू. चल असाच."

तो म्हणाला, "हं."

ते 'हं' तोंडून गेलं ते निव्वळ सवयीने. त्याच्याकडे ते कायम तयारच असे, दारामागे अडकवलेल्या छत्रीसारखं. पुढे दिवसभर त्याने स्वतःला विचारलं, की त्याच क्षणी 'बाई, तुमची चूक होतेय' एवढं म्हणायला काय झालं होतं? चार शब्द. पण तिने बोलू नकोस म्हटलं होतं, आणि त्या हाताचा दाब असा होता की तो जरा सैल सुटला तर ती बांधावरून खालीच जाईल असं त्याला वाटलं. तिचीही तशी चूक नव्हती. समुद्रात लांबवर गेलेल्या त्या दगडी बांधावर लाटांचे शिंतोडे उडतात, म्हणून सहलवाल्यांनी लाँचमधून उतरल्या उतरल्या सगळ्यांना गुडघ्यापर्यंतचे पिवळे कोट वाटले होते, पार भुवयांपर्यंत येणाऱ्या टोप्यांसकट. कोट चढवल्यावर बारीक-जाड, म्हातारं-तरुण सगळं एक झालं. "भावजी, आपण सगळे पिकल्या केळ्यांसारखे दिसतोय," वहिनी म्हणाली होती. त्यातलंच एक केळं म्हणून आता तो चालत होता, एका अनोळखी बाईच्या आजारपणासह, डावीकडे समुद्र आणि उजवीकडे जुन्या बंदराचं संथ हिरवट पाणी. बांध संपतो तिथे एकेकाने जायचं फिरतं लोखंडी फाटक होतं. ती हात सोडून पुढे झाली आणि मागे वळून न बघता पलीकडे गेली. त्याच्या बाहीवर तिच्या बोटांच्या जागी घडी पडली होती, ती हळूहळू उलगडली.

फाटकाच्या पलीकडे जुन्या तोफा मांडून ठेवल्या होत्या. तिने टोपी मागे सारली. पन्नाशीची असेल, केस आखूड, चेहरा स्वच्छ आणि थकलेला. थोड्या वेळाने तिचा नवरा फाटकातून आला. ह्याच्याच उंचीचा, ह्याच्याच अंगलटीचा, गळ्यात कॅमेरा. तो बांधावर कुठे तरी मागे थांबून गलबतांचे फोटो काढत होता हे उघड होतं. पण ते तिला माहीत नव्हतं. "काय तोफ आहे!" नवरा ओरडला. "बस, बस हिच्यावर. फोटो काढतो." ती क्षणभर बघतच राहिली त्याच्याकडे. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ह्याने नजर खाली घातली. तिला वाटलं होतं, नवऱ्याने आपलं ऐकलंय. एवढं ऐकूनही 'चल असाच' म्हटल्याप्रमाणे चाललाय, हसतोय, तोफेवर बस म्हणतोय. ती तोफेवर बसली. नवऱ्याने फोटो काढला. ती हसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वाऱ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं.

तिकीट खरं म्हणजे भावाचं होतं. भाऊ जिन्यावरून पडून पाय मुरगाळून घेऊन घरी बसला होता, आणि वहिनी म्हणाली होती की पैसे वाया घालवायला ती काही वेडी नाही, तेव्हा भावजींनी यावं. "तुम्हाला तरी कुठे काम आहे रविवारी? त्या पांढऱ्या तोंडांकडे बघत बसणार." पांढरी तोंडं म्हणजे त्याचे साचे. दवाखान्याच्या मागच्या एका लांबट खोलीत तो दातांच्या कवळ्या करी. डॉक्टर पलीकडे रोग्यांशी बोलत, हसत, आणि इकडे त्याच्याकडे नुसती तोंडं येत, प्लास्टरची, उघडी, फळीवर ओळीने मांडलेली. माणूस झोपेत दात खातो का, एकाच बाजूने चावतो का, हे त्याला साच्यावरून कळे. पण तीच माणसं रस्त्यात समोर आली असती तर ओळखता आली नसती. ह्यात त्याला काही वावगं वाटत नसे. उलट एक प्रकारची सोयच होती. बोलणं हा त्याच्या मते असा एक पदार्थ होता की जो थोडासा तरी हातातून सांडतोच. न सांडता काही द्यायचं असेल तर कवळी द्यावी. बायकोला हे पहिल्या पहिल्यांदा गमतीचं वाटलं होतं.

बायको बहिणीकडे होती. 'बहिणीकडे गेलीय' ह्याचं 'बहिणीकडे असते' कधी झालं ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. तिचे वडील वारल्यावर ती गेली ती आठ-पंधरा दिवसांसाठी, असं तो धरून चालला होता. मग एकदा फोनवर त्याने विचारलं, "येणार कधी?" ती म्हणाली, "मी तुला सांगून आले होते." तो म्हणाला, "कधी?" "जेवताना." "काय सांगितलं होतंस?" तिने फोन ठेवला नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "बघ आठवलं तर." आणि बहिणीच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलायला लागली. त्याला आठवलं नाही. त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला होता. जेवणाची टेबलं आठवली, भाज्या आठवल्या, पंख्याचा आवाज आठवला. त्यांत कुठे तरी एक वाक्य असणार होतं. ते त्याला सापडत नव्हतं, आणि सापडत नाही हे कुणाला सांगावं असं माणूसही नव्हतं.

सहल पुढे सरकली. गाइड मुलगी उलटी चालत, हातवारे करत सांगत होती: ही जकात कचेरी, ह्या गोदामांत कापूस आणि मसाले उतरायचे, इथे दोरखंड वळायचा कारखाना होता म्हणून ही गल्ली अशी सरळ बाणासारखी, दोर वळायला लांबच लांब जागा लागते. आता गल्लीत दोन्ही बाजूंना बुटक्या कुंपणांची घरं होती, खिडक्यांत झोपलेली मांजरं. वहिनी प्रत्येक घराकडे बघून भाडं किती असेल ते अजमावत होती. तो जोडप्याच्या मागे चालत होता. मागे चालायचं असं ठरवलं नव्हतं, पण पुढे जाववत नव्हतं. नवरा बडबड्या होता. एका कुंपणावरचा पांढरा वेल बघून म्हणाला, "आपल्या गॅलरीत लावू या हा, पुढच्या वर्षी चढेल." पुढच्या वर्षी. हा चालता चालता थांबला. ती मात्र वळून नवऱ्याकडे बघत म्हणाली, "लावू या." आणि नवऱ्याचा हात तिने धरला, कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूने.

त्याला वाटलं, असंच राहू दे. चुकून का होईना, हे जे झालंय ते चांगलंच झालंय. तिला जो धीर हवा होता तो मिळाला. कुणी दिला नाही, तरी मिळाला. आपण मध्ये कडमडायचं कारण काय?

गल्ली संपली आणि दलदल लागली. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला जातं, मध्ये सगळा चिखल आणि उंच गवत. त्यावरून लाकडी फळ्यांची अरुंद वाट काढलेली, आणि वाटेच्या टोकाला पक्षी बघायची एक झोपडी: तिन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी, आत एक बाक, भिंतीवर 'कृपया शांतता' अशी पाटी. बायका गाइडबरोबर बाहेरच थांबल्या. झोपडीत तो आणि तो नवरा असे दोघेच मावले. नवऱ्याने कॅमेरा फटीत टेकवला आणि पाटीचा मान राखून कुजबुजत्या आवाजात बोलायला लागला. गालिच्यांचं दुकान आहे, गुडघे टेकून टेकून कामातून गेलेत, मुलगी परदेशी शिकते. "बायकोला असं बाहेर काढायचं म्हणजे दिव्य असतं. गेले काही दिवस तर गप्प गप्पच होती. विचारलं की काही नाही. म्हटलं हवापालट होईल. आणि बघा, आज कशी खुललीय! सारखी माझ्याकडे बघून हसतेय. मी म्हटलं, काय लागलंय का तोंडाला माझ्या?" तो स्वतःच हसला, आवाज दाबून, खांदे हलवत. "लग्नाच्या आधी हसायची अशी."

"हं," तो म्हणाला.

बाहेर चिखलावर लांब चोचीचे पक्षी एका दिशेला तोंड करून उभे होते. एकही हलत नव्हता. त्याच्या डोक्यात मात्र संध्याकाळ उभी राहिली होती, त्या दोघांच्या घरातली, त्याने कधी न बघितलेली. गुंडाळलेले गालिचे असतील भिंतीशी. ती चपला काढेल, पाणी पिईल, खुर्चीवर बसेल आणि म्हणेल, "हं, आता बोल. काय वाटतं तुला?" आणि हा माणूस कॅमेऱ्याची तार शोधत विचारेल, "कशाबद्दल?" बस, एवढंच. त्या एका शब्दाने दिवसभराचं सगळं तिच्या हातून काढून घेतलं जाईल. तोफ, वेल, हसू, सगळं. आपल्याला काय सांगितलं होतं ते न आठवणारा माणूस पलीकडच्या बाईला कसा दिसत असेल, हे त्याला आजवर कधी सुचलं नव्हतं. ते आता, त्या लाकडाच्या वासाच्या अंधाऱ्या झोपडीत, एका परक्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसला असताना सुचलं. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. वाटणं असं काही त्याच्या आत सहसा पटकन होत नसे. पण त्याने फटीवरून तोंड फिरवलं आणि कपाळ भिंतीच्या फळीला टेकवलं.

"बरं वाटत नाही का?" नवऱ्याने विचारलं.

"वास," तो म्हणाला. "चिखलाचा."

शेवटचं ठिकाण दीपगृह. गोल जिना, वरून सगळं बंदर दिसतं. नवरा गुडघ्यांना शिव्या देत इतरांबरोबर वर गेला. वहिनीने जिन्याकडे एकदा बघितलं, "मला काय दिसायचंय ते खालून दिसतंय," म्हणाली, आणि थर्मास त्याच्या हातात देऊन हात धुवायला गेली. पायथ्याशी दगडी कट्टा होता. त्यावर ती बाई बसली होती, टोपी मागे, तोंड उन्हात, डोळे मिटून. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आपली सावली तिच्यावर पडतेय हे लक्षात आल्यावर बाजूला सरकला.

"माफ करा," तो म्हणाला. "मघाशी बांधावर तुम्ही ज्याचा हात धरला होतात, तो मी होतो."

तिने डोळे उघडले. सभ्यपणे हसली. "कुठे?"

"बांधावर. टोप्या होत्या सगळ्यांच्या डोक्यावर. तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं. त्यांनी नाही. ते मागे होते, फोटो काढत."

कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. ओठ घट्ट मिटले, खालचा जबडा थोडा पुढे आला. तो जबड्याकडेच बघत राहिला, कारण डोळ्यांकडे बघवलं नसतं.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"मग तेव्हाच मूग गिळून का बसलात? बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, बोलू नकोस."

ती हसली. खरोखरच हसली, मोठ्याने; आणि हसू मध्येच कुठे तरी मोडलं. "म्हणजे त्याला काहीच माहीत नाही. तोफेवर बस म्हणाला तेव्हा मला वाटलं, केवढं काळीज आहे ह्या माणसाचं. आणि त्याला नुसता फोटो काढायचा होता." तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "मला नाही जमायचं आता परत. परवापासून घोकत होते. एकदाच जमणार होतं ते."

तो काही बोलला नाही. मग त्याच्या लक्षात आलं की तो काही बोलत नाहीये. "चांगलं सांगितलंत तुम्ही," तो म्हणाला. "म्हणजे, समजलं मला. पहिल्या झटक्यात."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "आणि तुम्हाला काय वाटलं? ऐकल्यावर?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. "मला वाटलं, हात सोडू नये."

वरून जिन्यातून लोकांचे आवाज उतरत यायला लागले. "कुणाला बोलू नका," ती घाईने म्हणाली. "त्यालाही नाही." तो मान हलवून बाजूला झाला. वहिनी परत आली तेव्हा तो थर्मास कवटाळून भिंतीशी उभा होता. "भावजी, काय गुलूगुलू चाललं होतं त्या बाईशी?" वहिनीने विचारलं, उत्तराची तिला अपेक्षा नव्हती, त्यामुळे तिने तोवर झाकणात चहाही ओतला.

धक्क्यावर सगळ्यांनी कोट परत केले. कोट गेल्यावर माणसं पुन्हा वेगवेगळी झाली. नवऱ्याला टक्कल होतं. इतका वेळ ते टोपीखाली होतं आणि आता एकदम समोर आल्यामुळे तो दुसराच कुणी तरी वाटत होता, वयस्क आणि उघडा पडलेला. लाँच लागली होती, लोक चढत होते. ती बाई धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला, एका बाकावर, पाण्याकडे तोंड करून बसली होती. नवरा तिच्याशी काही तरी बोलला, वाकला, परत बोलला, मग उभा राहिला आणि सरळ ह्याच्याकडे चालत आला.

"तुम्ही काय बोललात तिला?"

वहिनीच मध्ये पडली. "अहो, आमचे भावजी कुणाशीच बोलत नाहीत. तेच तर दुखणं आहे!"

"मी वरून बघितलं. दीपगृहावरून. हे तिच्यासमोर उभे होते." नवऱ्याचा आवाज चढला नव्हता, थरथरत होता. "तेव्हापासून रडतेय ती. विचारलं तर म्हणते काही नाही, वाऱ्याने डोळे चुरचुरतायत. काय झालं ते मला कळलं पाहिजे."

त्याला दोन वाक्यं म्हणून मोकळं होता आलं असतं. ती त्याला जशीच्या तशी पाठ होती. आयुष्यात कुणाचंही बोलणं त्याला इतकं शब्दन् शब्द पाठ नव्हतं. पण ती वाक्यं त्याची नव्हती. "त्यांना तुम्हाला काही सांगायचं होतं," तो म्हणाला. "ते चुकून मला सांगितलं गेलं. टोप्यांमुळे."

"काय?"

"ते मी नाही सांगणार. तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसा."

"बसलो होतो ना! काही नाही म्हणते."

"काही नाही म्हणाल्या तरी उठू नका." आपला आवाज मोठा झालाय, लाँचवरची माणसं बघतायत, हे त्याला कळत होतं. "ही लाँच जाईल, जाऊ दे. पुढची येईल, तीही जाऊ दे. पाणी आणायला म्हणून उठू नका, फोटो काढायला उठू नका. त्या बोलेपर्यंत उठू नका तुम्ही."

पाणी आणायला हे आपण का म्हणालो ते त्याला माहीत नव्हतं. मग वाटलं, माहीत आहे. तो स्वतःच उठला असणार त्या दिवशी, जेवताना. बायकोने घास खाली ठेवला असेल आणि तो तांब्या आणायला उठला असेल, आणि स्वयंपाकघरातून म्हणाला असेल 'हं'. असंच झालं असेल असं नाही. पण असं होण्यासारखं होतं.

नवरा त्याच्याकडे बघत उभा होता, आता राग नव्हता. भीती होती, मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर विचित्र दिसणारी. "वाईट आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"जाऊन बसा," तो म्हणाला.

लाँच सुटली. वहिनी आत जाऊन सावलीला बसली. तो मागच्या कठड्याशी थांबला. ते दोघं बाकावर बसलेले दिसत होते, मध्ये हातभर अंतर. कोण बोलतंय, की कुणीच बोलत नाही, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं. लाँचचं तोंड वळलं, धक्का तिरपा झाला. आणि नवरा उठला. ह्याने कठडा घट्ट धरला. नवरा धक्क्याच्या कडेपर्यंत गेला, बाकाकडे पाठ करून, दोन्ही हात टकलावर ठेवून उभा राहिला. ती बसल्या जागी बसून होती, मान खाली. इंजिनाचा सूर बदलला, पाणी घुसळून पांढरं झालं.

मग नवरा परत आला. पहिल्या जागी नाही. बाकाला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला, जिकडून वारा येत होता तिकडे, तिला खेटून बसला. गोदामं आडवी आली आणि बाक दिसेनासा झाला.